रिकामी तारीख

—नको, खोड ते. वयाला कोट, म्हणजे अवतरणचिन्हं, लावायचे नाहीत. एकसष्ट म्हणजे एकसष्ट, उघडं लिहायचं. कोट नावाला, कोट गावाला, कोट फोन नंबरला— हो, फोन नंबरला पण, आकडे दिसतात म्हणून फसू नकोस. तू कधी दोन माणसांच्या फोन नंबरांची बेरीज केलीस का? नाही ना. मग तो आकडा नव्हे, ते नावच, फक्त आकड्यांत लिहिलेलं. केसपेपरच्या नंबराचं तसंच. सुरुवातीला मी तो उघडा लिहायची आणि पुढची दोन शून्यं गळून पडायची, आणि एकदा एका शाळेतल्या बाईंचा केसपेपर एका पहारेकऱ्याच्या हातात गेला. तो बिचारा दोन तास बसून राहिला, कोणी ‘बाई’ म्हणून हाक मारली तरी उठायला तयार. हसू नकोस, मी त्या दिवशी बोलणी खाल्ली आहेत. खुर्ची पुढे घे. तो पंखा टकटक करतो तिकडे लक्ष देऊ नकोस, एकोणीस वर्षं करतोय. शिबिराचं नंतर सांगते म्हटलं ना, सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतेयस. आधी हे पाच प्रकार पक्के कर, मग काय ते विचार.

तर आकडा उघडा, मजकूर कोटात. तिसरं, हो-नाही. साखर आहे का, चष्मा आहे का, सोबत यायला कोणी आहे का— तिथे ट्रू नाहीतर फॉल्स, उघडं. कोटात फॉल्स लिहिलंस तर तो नुसता शब्द झाला, त्याला ‘नाही’ म्हणायचंय हे मशीनला कळत नाही. चौथी तारीख. ही जरा नखरेल आहे. आधी डेट असा शब्द, मग कोट उघड, मग वर्ष, महिना, दिवस, याच क्रमाने, मधे आडव्या रेघा, मग कोट बंद. कोट विसरलीस तर मशीन त्या रेघांना वजाबाकी समजतं. दोन हजार एकोणीस वजा चार वजा तीन— उत्तर दोन हजार बारा, आणि हूं की चूं न करता पुढे जातं. हेच मला तुला सांगायचंय बाई, नीट ऐक. लाल अक्षरं आली की घाबरायचं नाही. लाल अक्षरं म्हणजे मशीन तुझ्याशी बोलतंय. ते गप्प बसून यादी देतं ना, तेव्हा घाबरायचं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मला कोण सांगणार, इथे हे येणारी मी एकटीच. खालपासून वरपर्यंत सगळे मला यादीताई म्हणतात, माझं खरं नाव हजेरीवाल्याला सोडून कोणाला माहीत नसेल.

किती वाजले? सव्वादहा. बरं. अकराला यादी छपाईखोलीत गेली पाहिजे, दर सोमवारी अकराला, तिथून पत्रं निघतात— अमुक दिवशी उपाशीपोटी या, सोबत एक माणूस आणा, मोतीबिंदू काढायचा आहे. डॉक्टर तीन, एकेकाकडे आठवड्याला पंधरा डोळे, म्हणजे पंचेचाळीस. पंचेचाळीस पत्रं. सेहेचाळिसावं गेलं की छपाईवाला फोन करतो, तो मोजतो, त्याला दुसरं काम काय. हे लक्षात ठेव. शुक्रवारी मला फुलं देऊन घालवतील, पुढच्या सोमवारपासून तो फोन तुला येणार.

पाचवं राहिलं. नल. नल म्हणजे शून्य नव्हे. रिकामे कोट पण नव्हेत— रिकामे कोट म्हणजे विचारलं आणि काही नाही म्हणाले. नल म्हणजे विचारलंच नाही, माहीतच नाही. त्याला कोट लावायचे नाहीत, लावलेस तर नल नावाचा एक माणूस तयार होतो, आमच्या रुग्णांच्या तक्त्यात असे दोन होते, एकाला तर आम्ही पत्रही पाठवलं होतं. आता मला सांग, माहीत नसलेली तारीख आजच्या आधीची का नंतरची? सांग ना. अगं विचार काय करतेस, ज्याची तारीखच माहीत नाही तो आधीचाही नाही आणि नंतरचाही नाही. आपण माणसं म्हणू, बघूया, विचारूया, फोन लावूया. मशीन तसं म्हणत नाही. ते त्याला बाजूला ठेवतं. आणि बाजूला ठेवलं हे सांगत नाही. झालं, एवढंच शिकायचं असतं, पाच प्रकार, अर्ध्या दिवसाचं काम.

शिबिराचं, हो, तेच सांगतेय. तू म्हणजे ना, धरलं की सोडत नाहीस.

बघ, ही माझी जुनी क्वेरी, मशीनकडे यादी मागायची ओळ, अकरा वर्षांपूर्वीची, माझ्या हातची. ही एक तारीख. दर सोमवारी हिला सात दिवस पुढे सरकवायचं. ज्यांची शेवटची तपासणी या तारखेच्या आधीची, ते बोलवायच्या यादीत. ज्यांची नंतरची, ते थांबायच्या यादीत. आधीचे आणि नंतरचे— आता राहिलं कोण? मला वाटलं कोणी राहत नाही. तुला तरी काय वाटलं असतं? सगळं जग या दोन्हींत बसतं असंच वाटतं. तेव्हाच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली, आधी हे काम तीन जणं चार दिवस करत होती. मी घरी जाऊन आमच्या ह्यांना सांगितलं, आज मी तीन माणसांचं काम एका ओळीत केलं. ते एसटीवाल्यासारखं वेळापत्रक पाळणारे गृहस्थ, म्हणाले, मग त्या तिघांचं काय झालं? बघ, पहिला प्रश्न त्यांनी विचारला आणि तो पण चुकीच्या माणसांबद्दल.

शिबिरात काय होतं— डॉक्टर बाहेर जातात, शाळेच्या वर्गात, गोदामात, मिळेल तिथे बसून तपासतात. एका मोठ्या कागदावर पंचवीस माणसं, एकाखाली एक. तारीख कागदाच्या डोक्यावर, एकदाच. पंचवीस वेळा कोण लिहिणार तीच तारीख? मग तो कागद बाहेरच्या लोकांकडे जातो टाईप करायला. ते ओळी टाईप करतात. डोक्यावरचं करत नाहीत. त्यांना तसं सांगितलेलं नाही, म्हणून करत नाहीत, त्यांची काही चूक नाही. म्हणजे नाव आलं, वय आलं, गाव आलं, फोन आला, साखर आहे का ते आलं— आणि तपासणीची तारीख, नल. कळलं? कळलंय तुला, चेहऱ्यावरून दिसतंय. चार वर्षं, बाई. चार वर्षं शिबिरातला एकही माणूस ना बोलवायच्या यादीत आला ना थांबायच्या. मी फक्त दोन्हींची बेरीज तक्त्याशी ताडून बघायची होती. एका मिनिटाचं काम. मी केलं नाही, कारण दोन्ही याद्या इतक्या व्यवस्थित येत होत्या.

कसं कळलं म्हणतेस— एक घड्याळवाला आला. या खिडकीशी, सोबत त्याची सून. हातात शिबिराची चिठ्ठी, चारदा घडी घातलेली. म्हणाला, ताई, माझा नंबर कधी? मी नाव टाकलं, कोटात, सापडला. तक्त्यात होता. दोन्ही याद्या बघितल्या, एकीतही नाही. त्याला म्हटलं, बसा. आणि मग बेरीज केली. तक्त्यात दोन हजार एकशे आठ, दोन्ही याद्या मिळून सोळाशे शहाण्णव. चारशे बारा माणसं. त्याचा डावा डोळा गेला होता. मोतीबिंदू पिकून पिकून आत दाब वाढला, मग काही करता येत नाही. उजवा राहिला होता. मी काय केलं माहितेय, मी त्याच्या ओळीत एक तारीख घातली. मनाने. डेट, कोट, वर्ष, महिना, दिवस, कोट. जुनी, पुरेशी जुनी. आणि पुढच्या सोमवारी तो पहिल्या नंबरवर आला, आपल्या पायाने, आणि उजवा डोळा वाचला. महिन्याभराने परत आला, खिडकीतून हात आत घालून म्हणाला, ताई, तुमच्यामुळे दिसतंय. माझं हे घड्याळ बंद पडलं होतं, हेच, हातातलं, तर तिथेच उभ्या उभ्या उघडून दुरुस्त करून दिलं. एका डोळ्याने. मला त्या दिवशी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं आणि मी काय म्हणाले, तर आभारी आहे म्हणाले.

सांगायचं होतं की साहेबांना, म्हणशील. सांगायचं होतं. बाहेर भिंतीवर काचेतलं प्रमाणपत्र बघितलंस? ‘येथे कोणताही रुग्ण अठरा महिन्यांहून अधिक काळ थांबत नाही.’ ते कशावरून मिळालं? माझ्या दोन याद्यांवरून. खाली सही माझी. घड्याळवाला आला त्याच्या आधी एक वर्ष. ते घ्यायला साहेब मोठ्या सभागृहात गेले, मला पण नेलं, मी नवी साडी नेसले होते. आणि आता जाऊन सांगू, साहेब, चारशे बारा माणसं थांबलीत आणि कोणाचे किती डोळे गेले मला माहीत नाही? उद्या सांगू, उद्या सांगू— आणि तोपर्यंत म्हटलं आपण थोडे थोडे आत घेऊ. पंचेचाळिसाच्या वर जाता येत नाही. मग मी काय करते, माझी तारीख अशी सरकवते की चाळीसच येतील. उरलेले पाच माझे. दर सोमवारी पाच रिकाम्या ओळींत पाच तारखा. सात वर्षं झाली.

हिशोब तू मनातल्या मनात करतेयस, मी करूनच देते. वर्षाला दोनशे साठ मी आत घेते. वर्षाला अडीचशेच्या वर शिबिरातून नवीन येतात, रिकाम्या तारखेचे. चारशे बाराचे तीनशे एकाहत्तर झालेत. सात वर्षांत. काहींची पत्रं परत येतात, सदर व्यक्ती हयात नाही, ती पण त्यातच मोजलीत. तो शिबिराचा कागद बदलून घ्यायचा तर लिहून द्यावं लागतं, का बदलायचा. क्वेरी बदलायची म्हणजे एक ओळ— ‘किंवा ज्यांची तारीख नल आहे’— बस, एवढी ओळ. पण ती लावली की यादीत एकदम चारशेच्या वर माणसं, छपाईवाला फोन करणार, साहेब विचारणार, हे कधीपासून? आणि मशीनमधे लिहिलेलं असतं कोणी काय कधी चालवलं. सगळ्यावर माझंच नाव.

म्हणून मी सोमवारची रजा घेत नाही. एक सोमवार चुकला की पाच माणसं. लेकीचं बाळंतपण झालं, ती तिकडे लांब, दोन दिवसांचा प्रवास, जाऊन यायचं म्हणजे सोमवार मधे येणारच. ह्यांना सांगितलं, साहेब रजा देत नाहीत. ते एकटे गेले. नातू आता पाच वर्षांचा आहे, मला फोनवर ‘यादीआजी’ म्हणतो, ह्यांनीच शिकवलं असणार. साहेबांनी कधी नाही म्हटलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. हे मी आजवर— जाऊ दे. तुला का सांगतेय मी हे सगळं, तुला फक्त कोट कुठे लावायचे ते शिकवायचं होतं.

तारखा मनाने घालायच्या म्हणजे सोपं नसतं हं. पटकन सुचत नाहीत. माणूस एकच एक घालत बसतो, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येईल. मग मी आपल्या आठवणीतल्या घालायला लागले. लेक सासरी गेली तो दिवस. आई गेली तो. बाळ झालं तो तर मी चार जणांना दिलाय, वेगवेगळ्या महिन्यांत. ह्यांचं पाऊल मोडलं तो. या तक्त्यात नीट बघशील तर माझी सगळी सात वर्षं लोकांच्या ओळींत सापडतील. आता दिवस पण संपलेत माझ्याकडचे, खरं सांगते, मागच्या महिन्यात मी दूधवाला आला नाही तो दिवस घातला.

तर हे आजचे पाच. साडेदहा झाले, वेळ आहे. आणि मला तुला विचारायचं होतं ते हेच, की पुढच्या सोमवारपासून तू हे पाच— कायमचं नाही. बघ, जमलं तर. मी घरून फोनवर सांगत जाईन, तारखा पण मी देईन. तुला फक्त टाईप करायचं. मी काही तुझ्यावर ढकलत नाही. ढकलतेय, बरं, ढकलतेय, पण दुसरं कोणावर ढकलू? ही खोली एका माणसाची आहे.

काय? परत बोल. तुझी आई?

कुठल्या शिबिरातली? कधी? सव्वादोन वर्षं. म्हणून तू सकाळपासून— आणि मला वाटलं हुशार आहेस म्हणून विचारतेयस. थांब, नाव सांग. आडनाव आधी का नंतर? हां. कोट उघडला, नाव, कोट बंद. ही बघ. वय अडुसष्ट. साखर फॉल्स. सोबत माणूस ट्रू, ती तूच असशील. तारीख— बघतेयस ना, काही लिहिलेलं नाही तिथे. किती दिसतं तिला? जिना उतरत नाही. एकटी बाहेर जात नाही. तुला आवाजावरून ओळखते का चेहऱ्यावरून? बरं, नको सांगूस.

अगं मग सोपं आहे, रडतेस काय. आजच घालू. आत्ता. तारीख सांग कुठली घालायची, तुझ्या मनातली एखादी. पुढच्या आठवड्यात बोलावतील तिला, हाताला धरून घेऊन ये. फक्त पाचच जागा आहेत, तेवढी एक मोकळी करायला हवी. हे पाच असे आहेत— हा शिंपी, अठ्ठावन्न, त्याच्या सोबत यायला कोणी नाही, फॉल्स लिहिलंय. ही शाळेत घंटा देणारी बाई. हा सुतार, याला मी तीनदा पुढच्या सोमवारवर ढकललाय. ही दोन नातवंडं सांभाळते, तिने स्वतः फोन करून सांगितलं मला, पोरं हातातून सुटतात म्हणाली. आणि हा, याचं नुसतं नाव आहे, वय पण नल, काहीच माहीत नाही. तू बोलू नकोस हवं तर, नुसतं बोट ठेव पडद्यावर. ज्याच्यावर ठेवशील त्याला पुढच्या सोमवारी घेऊ. ठेव. आई तुझी आहे, तू परकी थोडीच आहेस. या काहीच माहीत नसलेल्यावर ठेव, त्याचं तुला वाईट वाटायचं नाही. मी पण बरेचदा तेच करते.

ठेवत का नाहीस?

पावणेअकरा झाले, बाई. ठेव ना बोट. सात वर्षं मी दर सोमवारी ठेवतेय, तुला एकदा ठेवता येत नाही? माझ्याकडे बघू नकोस अशी. मी काय डोळे काढून घेतले कोणाचे? —घेतलेच म्हण. म्हण, तोंडावर म्हण, कोणीतरी म्हणायला हवं. तू काहीच म्हणत नाहीस, तो घड्याळवाला पण काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी त्याच दिवशी जाऊन सांगितलं असतं. असं मला वाटतं. खोटं असेल.

हात मागे घेतलास. बरं.

सरक जरा, कळफलक इकडे दे. हे पाच राहू देत, काही घालायचं नाही त्यांच्या ओळींत. तुझ्या आईच्या पण नाही. तारीख माहीत नाही तर माहीत नाहीच लिहिलेलं राहू दे. खाली बघ आता, एकदाच दाखवते— ‘किंवा’. शेवटच्या तपासणीची तारीख. इज नल. कोट नाहीत, काही नाहीत. केवढीशी ओळ आहे बघ. मी हिला सात वर्षं घाबरले.

चालवली.

चारशे सोळा. पंचेचाळीस आणि तीनशे एकाहत्तर, बरोबर, आज मी तारीख कमी केली नव्हती अजून. तुझी आई दोनशे काहीतरीवर आहे, शोधत बसू नकोस. छपाईला पाठवते. पाठवलं. आता सगळे एकाच दिवशी येतील, रांग फाटकाबाहेर जाईल, डॉक्टर ओरडतील, साहेब खाली येतील. येऊ दे. निदान ती रांग कोणालातरी दिसेल, इतकी वर्षं ती मला एकटीलाच दिसत होती.

हा आलाच बघ फोन. —हां, बोल. हो, मोजलीस ते बरं केलंस. नाही, मशीन बिघडलेलं नाही. चारशे सोळाच आहेत. छाप. साहेबांना विचारायचं तर विचार, नाहीतर थांब, मीच वर जाऊन सांगते, तू कागद लाव.

ऊठ तू. पर्स घे. तू अजून आलीच नव्हतीस असं समज, तुझी हजेरी जेवणाच्या सुट्टीनंतर लागेल, मी सांगते हजेरीवाल्याला. मशीनमधे माझंच नाव आहे आणि तेच राहू दे. नाही, तू थांबायचं नाही माझ्यासोबत, तुला इथे पुढे नोकरी करायची आहे आणि बेरीज ताडून बघायची आहे, दर सोमवारी, विसरू नकोस. आईला फोन कर. पत्र येतंय म्हणावं, वाचून तू दाखव. जा आता, आणि जाताना दार ओढून घे.